जिंकू द्यावे

लेकीच्या क्लिपच्या चापात तीन केस अडकले होते. एक तर मुळासकट निघालेला, टोकाशी पांढरा ठिपका असलेला. टेबलावरच्या दिव्याखाली तिनं क्लिप पुन्हा उलटी करून पाहिली. काल संध्याकाळी पाहिली होती, आज सकाळी डबा भरताना पाहिली होती, आणि तरीही ती एप्रनच्या खिशात टाकून कामावर घेऊन आली होती, जणू इथे कुणी पुरावा मागणार होतं... समोर कुणा आजोबांच्या वरच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा, त्यावर गुलाबी मेण, मेणात सहा दात लावून झालेले, आठ बाकी. सातवा दात चिमट्यात धरला की हात थांबे. ओढले असतील कसे? मागून येऊन? मूठ भरून? आणि तेव्हा वर्गातली बाकीची पोरं काय करत होती?

तळपायाची आग मस्तकात गेली होती ती काल, आणि रात्रभरात खाली उतरायचं नाव घेत नव्हती.

"कुणाला चावायला पाठवतेयस या आजोबांना?" शेजारच्या टेबलावरचे दादा म्हणाले. कवळ्यांना पॉलिश करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचा हक्क त्यांना आपोआप मिळाला होता. "दोन्ही सुळे लांडग्याचे लावलेस."

तिनं वाकून पाहिलं. खरंच होतं. सुळे चांगले बोटभर पुढे आल्यासारखे दिसत होते. तिनं मेण तापवून दोन्ही उपटले.

"दुपारी शाळेत बोलावलंय," ती म्हणाली.

"परत?"

"परत काय, दादा? चार वर्षांत पहिल्यांदा."

चार वर्षांत पहिल्यांदा — हे बोलताना तिचा आवाज चढला, कारण हीच तर तिची मिरवायची गोष्ट होती. लेक अकरा वर्षांची. घरात तिला घुमी म्हणत. नाव बापानं ठेवलेलं, लाडानं, आणि आईला ते सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं. पण नावं अशीच असतात, नको नको म्हणता अंगाला चिकटतात. घुमी बोलायची कमी, दोन शब्द, फार तर तीन. घंटा वाजली की कानांवर हात. आणि मोजायची — जिन्याच्या पायऱ्या, फरशा, बसच्या खिडक्या, ताटातले वाटाणे. मोजून झालं की आकडा सांगायची, आणि तो कधी चुकायचा नाही. आधीच्या दोन शाळांनी 'आमच्याकडे सोय नाही' असं साखर पेरून सांगितलं होतं. तिसरीनं घेतलं. आणि तिथली पोरं काय गुणी! घुमी जिन्यात आली की बाजूला होणार, घुमीचा डबा उघडून देणार, घुमीला कुणी बोट लावणार नाही. नणंदेला, जावेला, बसथांब्यावर भेटणाऱ्या परक्या बाईलासुद्धा तिनं हे सांगितलं होतं. आमच्या घुमीला कुणी बोट लावत नाही.

आणि आता एक नवी मुलगी येते, महिनाही झालेला नाही, आणि मूठ भरून केस... डायरीत वर्गाच्या बाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: नव्याने आलेल्या विद्यार्थिनीने खेळताना आपल्या मुलीचे केस ओढले व तिला रडवले. तीन वाजता भेटावे.

नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "जाऊ दे गं, पोरं आहेत." त्याचं आख्खं आयुष्य जाऊ दे म्हणण्यात गेलं होतं. तिनं फोन ठेवला आणि आजोबांचे सुळे तिसऱ्यांदा लावले.

शाळेच्या वाटेवर ती मनातल्या मनात त्या मुलीशी बोलत होती. तुला समजत नाही ती कशी आहे? दिसत नाही? डोळे आहेत ना? मग तिच्या आईशी. मग त्या मुलीला जन्माला घालणाऱ्या सगळ्या खानदानाशी. सिग्नलपाशी एक माणूस तिच्याकडे वळून बघायला लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत. बघू दे. लोकांच्या बघण्याची सवय होती. घुमीबरोबर रस्त्यानं चालणाऱ्या बाईला ती होते.

मुख्याध्यापिका बाईंनी पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि तक्रारीचा कागद टाइप करून तयारच ठेवला होता. पालकाची लेखी तक्रार असली की त्या मुलीला दुसऱ्या तुकडीत घालता येईल, मग ती वरच्या मजल्यावर, मधली सुट्टीही वेगळी, दोघींचा संबंधच नको. "तुम्ही निश्चिंत राहा," बाई म्हणाल्या. तिनं वाचलंही नाही नीट. पेन इतकं दाबून सही केली की खालच्या कागदावर ठसा उठला. बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं... दिवसभरात पहिल्यांदा छातीतलं काहीतरी सैल झालं.

बाईंनी घंटी वाजवली. शिपाई कागद घेऊन गेला.

"त्या मुलीचाही पूर्ण दोष नाही म्हणा," बाई म्हणाल्या. "ती मध्येच आली ना, वर्ष सुरू झाल्यावर. आम्ही दर वर्षी पहिल्या आठवड्यात तुमचं पत्र वर्गात वाचून दाखवतो. ते तिनं ऐकलेलंच नाही. बाकीच्यांना तोंडपाठ आहे."

"माझं पत्र?"

बाईंनी कपाटातून एक फाइल काढली. प्लास्टिकच्या पाकिटात एक रेघी कागद. अक्षर तिचंच, चार वर्षांपूर्वीचं, ठळक, घाबरलेलं. माझ्या मुलीशी कसे वागावे. एक, मोठ्याने बोलू नये. दोन, तिच्या वस्तूंना हात लावू नये. तीन, खेळात हरली तर तिला फार त्रास होतो. जिंकू द्यावे. चार, तिला छान म्हणावे...

तिला आठवलं. शाळेचा पहिलाच आठवडा, घुमी सापशिडीत हरली आणि बाकाखाली शिरून तासभर रडली. बाकाखालून तिला ओढून काढताना आईचीच कोपरं सोलली होती, आणि पोटात एकच भीती — आता हेही सोय नाही म्हणणार. त्या भीतीनं घरी येऊन एका बैठकीत हा कागद लिहिला होता. एका आठवड्यासाठी लिहिला होता. फार तर महिन्यासाठी. मुलगी रुळेपर्यंत.

"अजून वाचता?"

"म्हणजे काय. ते पत्र म्हणजे आमच्या मुलांवरचा संस्कार आहे."

बाहेर व्हरांड्यात एक मुलगा उभा होता, दंडाला पिवळी पट्टी, केस पाण्यानं बसवलेले. तिला पाहून तो सरळ झाला. "काकू, तुम्ही तिच्या आई ना? माझा मंगळवार असतो."

"कसला मंगळवार?"

"तिच्याशी खेळायचा. प्रत्येकाचा एक वार आहे. काल माझा नव्हता, नाहीतर असं झालंच नसतं." मुलगा मनापासून बोलत होता, डोळ्यांत लबाडी नावाला नाही. "आम्ही तिला नेहमी जिंकू देतो, काकू. आपली सोंगटी पुढे गेली ना, की एक-दोन घरं कमी मोजायची. साप आला की त्याच्या अलीकडेच थांबवायचं तिला. तिला कळत नाही."

तिला कळत नाही.

तिनं मुलाकडे पाहिलं. त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःच्याही. इतका गोड मुलगा. आपण मागून घेतलेला गोड मुलगा, मागणी लेखी दिलेली. जिला जिन्याच्या बेचाळीस पायऱ्या पाठ आहेत, जिला ताटातला एक वाटाणा कमी पडला तर घास उतरत नाही, तिला फाशावर पाच पडून तीन घरं चाललेली सोंगटी दिसली नसेल? एकदा नाही, रोज, सोमवार ते शुक्रवार, चार वर्षं... समोरचा मुद्दाम चुकतोय आणि वर हसून 'छान' म्हणतोय, हे तिनं मोजलं असेल. नक्की मोजलं असेल. आणि सांगणार कुणाला? घरी आल्यावर आई विचारायची, आज कोण जिंकलं? घुमी म्हणायची, मी. आई म्हणायची, छान! आणि घुमी पाय न धुता भिंतीकडे तोंड करून बसायची. दमली असेल, आई म्हणायची. दमली असेल. मी असं म्हणत होते. मीच.

"शाब्बास," ती त्या मुलाला म्हणाली, कारण दुसरं काय म्हणणार.

नवी मुलगी वर्गाबाहेरच्या बाकावर बसली होती. शिक्षा म्हणून बसवलेली. रोड, गुडघ्यांवर खपल्या, नाकावर घाम. जिच्या खानदानाशी वाटेत भांडण झालं होतं ती ही एवढीशी. घुमीच्या आईला पाहून ती घाबरली नाही, नुसती सरकली आणि बसायला जागा केली. सरकताना तिनं हात टेकला, आणि मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, दाताचा वण दिसला.

लोकांचे दात लावण्यात जिचा जन्म चालला आहे तिला असला वण वाचायला चष्मा लागत नाही. वरच्या दातांची कमान, आणि डाव्या अंगाला एक खूण रांग सोडून वर गेलेली. सुळा, शेजारच्या दातावर चढलेला. रोज सकाळी ती स्वतः लेकीच्या त्या सुळ्यावरून ब्रश फिरवत होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

"हे कधी झालं?"

"काल. तीच चावली."

"बाईंना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. त्या म्हणाल्या, तिचं मनावर घ्यायचं नसतं." मुलगी खपली खाजवत म्हणाली. "मला सत्याण्णववर साप लागला तेव्हा मी गेले ना खाली? मग तिला लागला तर ती जाईना. मी म्हटलं, रडीचा डाव खेळायचा नाही. तर ती चावली. मग मी केस ओढले."

"मग?"

"मग ती रडली. मग मी पण रडले. मग ती उतरली खाली सापावरून, आणि म्हणाली, टाक."

"काय म्हणाली?"

"टाक. फासा टाक म्हणून. मग परत खेळलो आम्ही. ती परत हरली. पुढच्या डावात मला हरवणार होती, तीन घरं राहिली होती तिची, तेवढ्यात बाईंनी आम्हाला बाजूला केलं." मुलीनं तिच्याकडे वर पाहिलं. "काकू, तुमची मुलगी चिडकी आहे. पण खेळते खरं."

ती उठली. आली होती त्याच्या दुप्पट वेगानं व्हरांडा ओलांडून गेली. मुख्याध्यापिका बाई फोनवर होत्या, त्यांनी बोटानं थांबा म्हटलं, ती थांबली नाही. कागद परत हवाय. कोणता? तक्रारीचा. बाईंनी फोनवर हात ठेवला. कागद केव्हाच कार्यालयात पोचला होता, आवक क्रमांकही पडला असेल. "आणि असं बघा, आईचं मन आहे, विरघळतं," बाई समजुतीनं म्हणाल्या. "माझ्याही लक्षात येतं. पण आपल्याला तिच्या भल्याचं बघायचंय."

"मला तो कागद हवाय. दोन्ही कागद हवेत. ते चार वर्षांपूर्वीचंसुद्धा."

"ते तर आम्ही फ्रेम करायचं म्हणतोय."

तिचा आवाज मग इतका चढला की शेजारच्या खोलीतलं टायपिंग थांबलं. काय काय बोलली ते तिला नंतर नीट आठवेना. तुम्ही माझ्या मुलीला देव्हाऱ्यात बसवलीत, असं काहीतरी. देव्हाऱ्यात बसवलं की कुणी फासा टाकत नाही, असंही. बाई शांत होत्या, चेहरा सहानुभूतीनं भरलेला — अगदी तिसऱ्या-चौथ्या कलमाप्रमाणे. बोलून घेऊ दे हिला, जिंकू दे. उद्या बघू, त्या म्हणाल्या. विचार करू. त्या 'विचार करू'मध्ये काहीच नव्हतं, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं.

घंटा झाली. घुमी कानांवर हात ठेवून बाहेर आली. केस आज क्लिपविना, तोंडावर आलेले. दोघी फाटकाबाहेर पडल्या आणि घुमी रस्त्याच्या कडेचे खांब मोजायला लागली. एक, दोन. आई तिच्या मागून चालत होती आणि मनात एकच हिशेब उलटासुलटा होत होता: सही माझी, पत्र माझं. ज्या एका मुलीनं लेकीला माणसासारखं वागवलं तिला वरच्या मजल्यावर पाठवणारी मीच. उद्या पुन्हा सोमवारवाला, मंगळवारवाला. गोड, स्वच्छ, घरं चुकवून मोजणारे.

सातव्या खांबापाशी घुमी थांबली. आठवा मोजला नाही. असं ती कधी करत नसे.

"नवी," ती म्हणाली. "उद्या?"

आई थबकली. अकरा वर्षांत घुमीनं कुणाबद्दल विचारलं नव्हतं. आजीबद्दल नाही, बाप गावाला गेला तर बापाबद्दल नाही. आणि उत्तर तर जिभेवर तयार होतं, वर्षानुवर्षांच्या सवयीचं — हो, हो, येईल हं उद्या, छान खेळा. नुसतं म्हणायचं होतं. दोन घरं कमी मोजायची होती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित नाही. मी चूक केली."

घुमीचा चेहरा आधी रिकामा झाला, मग वेडावाकडा, आणि मग ती भर रस्त्यात ओरडायला लागली. दप्तर फेकलं. आईच्या हातावर गुद्दे मारले, एक, दोन, तीन. लोक थांबले. एका कॉलेजच्या मुलीनं पर्समधून चॉकलेट काढून पुढे केलं आणि हळू, फार हळू आवाजात म्हणाली, "नको रडू हं बाळा, छान आहेस ना तू?"

"तिला त्रास होत नाहीये," आई म्हणाली. "ती रागावलीय. तुम्ही जा."

मुलगी गोंधळून मागे सरली. आईनं लेकीला गप्प केलं नाही. हात धरले नाहीत, पाठीवरून फिरवले नाहीत, लोकांकडे बघून ओशाळं हसलीही नाही. चार वर्षं जिला त्रास म्हटलं, कलम तीनमध्ये लिहून दिलं, तो निव्वळ राग होता, अस्सल, कारण असलेला, आपल्याच वळणाचा. तो आज तिला पहिल्यांदा समोरासमोर भेटत होता, आणि त्याचं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. घुमी ओरडत होती. ती गुद्दे खात उभी राहिली. तिची भीती गेली नव्हती. पण लेकीचं बरोबर होतं, आणि हे तिला कुणापासून लपवावंसं वाटत नव्हतं.