तुयेच्या कारखान्यातली नवी सून

ऋतिकाला औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागून जेमतेम सहा महिने होत होते, तोच तिचं लग्न ठरलं. मुलगा पेडण्याचा, रुद्रेश, गोव्याच्या सरकारी कदंब बसवर ड्रायव्हर. तिचं माहेर डिचोलीकडे, मये गावात. कारखाना तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे सासरच्या अगदी हाकेच्या अंतरावर. इतके दिवस ती बरोबर काम करणाऱ्या, बेळगावकडच्या वर्षाबरोबर कारखान्याजवळच खोली घेऊन राहत होती. "तुझी तर चैन झाली," वर्षा म्हणाली. "सासूच्या हातचा डबा येणार तुला. मी आपली अंडी उकडत बसते."

ऋतिकाला काम मनापासून आवडलं होतं. साखळी गावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना सगळं कसं चिमूटभर असायचं. इथे पोत्यांनी पावडर आत यायची आणि मशीनच्या तोंडातून गोळ्यांची धार लागायची. मशीन शिकवायला गडहिंग्लजचा विजय होता. तो नवख्यांवर कधी ओरडायचा नाही. "आधी कान दे मशीनला, मग डोळं," तो म्हणायचा. "त्याचा आवाज बदलला की समज, काय तरी बिनसलंय." वजन बघणं, गोळी किती दाबाला फुटते ते तपासणं, हे ती शिकली होती. लग्नाची सुट्टी मागायला गेली तेव्हा विजय म्हणाला, "जाऊन ये. आल्यावर मशीन तू लावायचंस. मी नुसता उभा राहणार बघ."

त्या आनंदात ती दोन दिवस होती. मग सुपरवायझर सिद्धेश सरांनी तिला बोलावलं.

"तुमच्यात नवरीला काचेचा चुडा भरतात ना?"

"हो सर."

"काचेचं काही आत जाणार नाही, तुला ठाऊक आहे. मंगळसूत्र लॉकरमध्ये राहतं, तसा चुडा काढता येत असेल तर बरं. नाहीतर तो हातात असेपर्यंत बाहेर खोके भरायच्या कामाला बसावं लागेल."

नियम तिला पाठ होता. आत जायच्या आधी घड्याळ, साखळी, टिकली, सगळं उतरवायचं, मग डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा. मेंदी नको असं तिने घरी आधीच सांगितलं होतं. पण चुडा? आमच्याकडे नवरीचा चुडा हाताने काढत नाहीत. एकेक काकण आपसूक वाढेल तेव्हा वाढेल. बाहेर बसायचं म्हणजे किती महिने, कोण सांगणार? अप्रेंटिसचं वर्षच तेवढ्यात संपून जायचं.

तिने रुद्रेशला फोन केला. "आईक मी सांगतंय," तो ऐटीत म्हणाला. "तू काळजी करू नको."

त्याने सांगितलं नाही. आईसमोर गेला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. त्याची आई कमलाक्षी पेडण्याच्या बाजारात फुलं विकायची. अबोलीच्या वेण्या, शेवंतीचे हार, आणि सोबत खणखणीत आवाज. मनाने प्रेमळ, पण तिच्या शब्दाबाहेर घरात कोणी जायचं नाही.

लग्न थाटात झालं. काकणकाराने साबण लावून, हात दाबून दाबून हिरवी काकणं चढवली. ऋतिका हात खाली करी तेव्हा ती किणकिणत आणि बायका कौतुकाने बघत. तिला स्वतःलाही ती आवडली होती, हेच तर अवघड होतं. रोज रात्री ती रुद्रेशला विचारी, "सांगितलंस?" आणि तो म्हणे, "पाव्हणे जाऊं देत."

सुट्टीचा शेवटचा दिवस उजाडला. घरी सत्यनारायणाची पूजा होती. स्वयंपाकघरात बायकांची गर्दी, गप्पा, चुलीवर तेल. वड्यांचं पीठ मळायला ऋतिका बसली. तिच्यासमोर नणंद सेजल बसून गरम पाणी घालत होती. ऋतिकाचं अर्धं मन उद्याच्या सकाळीत होतं. मळता मळता तिचा हात परातीच्या काठावर आपटला. बारीकसा आवाज झाला आणि एक काकण वाढलं. त्याचे तुकडे पिठात पडले.

सगळ्या परातीत डोकावल्या. मग कोणीतरी म्हणालं, "आसूं दे गो, तुकडे येचून काढ. इतक्या पीठ फुकट घालवतलंस?"

सेजल तुकडे वेचू लागली. कमलाक्षी चुलीजवळून उठून आली. तिने परात उचलली आणि सरळ मागच्या दारी नेऊन पीठ मातीत ओतलं.

"एक बारीक तुकडो रवलो आणि कोणाच्या पोटात गेलो तर?" ती परत येत म्हणाली. "नवीन पीठ घ्या. वडे मागसून जाले तरी चलतले."

ऋतिका खाली मान घालून बसली होती. तिला वाटलं, आत्ता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"आई," ती म्हणाली, "आमच्या कारखान्यात असं झालं तर सगळा घाणा टाकून देतात."

"टाकूकच होयो."

"पण तिथे पावडर पांढरी आणि काच एवढीशी. दिसलीच नाही तर गोळी होऊन जाईल. दुखणेकरी माणूस बघत नाही, पाण्याबरोबर गिळतो. म्हणून काकणं आत नेऊ देत नाहीत. ही हातात असतील तोवर मला मशीनवर जाता येणार नाही."

कमलाक्षीने रिकामी परात खाली ठेवली. "ह्यां तू माका आधी कित्या नाय सांगलंस?"

ऋतिकाने दाराकडे पाहिलं. दारात रुद्रेश उभा होता. तो तिथून हळूच सटकू लागला.

"थांब रे!" कमलाक्षी ओरडली. "तुका म्हायत आसलां?"

"सांगतलंय सांगतलंय म्हणत ऱ्हवलंय," तो पुटपुटला. बायका फस्सकन हसल्या.

कमलाक्षी मात्र हसली नाही. तिच्या सासूने, आईने, कोणीच कधी चुडा हाताने उतरवला नव्हता. मग तिने सेजलला हाक मारली, "खोबरेल हाड. आणि साबण."

"आई, आज पूजा..." कोणी म्हातारी म्हणाली.

"पूजा जावं दी. सांजेक काढूया. आणि काढूया म्हणजे मोडूक नाय हां, देवाकडे ठेवूची. कामाक जाताना देवाकडे, घराक आयली की हातात."

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर तिने स्वतः सुनेचा हात मांडीवर घेतला. तेल लावून, बोटं चेपून एकेक काकण उतरवलं. दोन अगदी घट्ट होती, तेव्हा ऋतिका कळवळली. "सोस जरा, पोरी," म्हणत कमलाक्षीने तीही सोडवली आणि सगळी तबकात घालून देवापुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी ऋतिका पांढरा पोशाख चढवून आत गेली. विजय खरंच हात मागे बांधून उभा राहिला. तिने साचे बसवले, घट्ट केले, पुन्हा तपासले, मशीन सुरू केलं आणि कान दिला. पहिल्या गोळ्या जरा जड निघाल्या. तिने मशीनचं चाक थोडं फिरवून वजन उतरवलं. मग धार लागली, सारखी, गुळगुळीत.

"झ्याक," विजय म्हणाला, आणि चहाला निघून गेला. तिला त्याहून मोठी शाबासकी नको होती.

संध्याकाळी ती बाजारात उतरली. कमलाक्षी एका गिऱ्हाइकाला सांगत होती, "माझी सून गोळये करता. मशीनार. तुमी डॉक्टराकडसून हाडतास ना, तसले!" सुनेला बघून तिने पाटावर जागा केली. ऋतिका बसली, सुई-दोरा घेतला आणि उरलेली अबोली ओवू लागली. "जेवलंस मा दुपारी?" सासूने विचारलं. ती हो म्हणाली, आणि डब्यातून नेलेले कालचे वडे कारखान्यात सगळ्यांना कसे आवडले, वर्षाने दोन कसे लांबवले, ते सांगू लागली.