चुंबकाला चिकटलेली भुकटी

आमची ही गेली तेव्हापासून मी भट्टीशीच बोलतो. ती निदान गरम तरी होते. लोखंड आणि अॅल्युमिनियम वितळवून एकजीव करायचं, हे माझं काम. शाळा चौथीपर्यंत, पण वजनात गुंजभर फरक पडायचा नाही.

परवा वजनाने तीन भाग लोखंडात एक भाग अॅल्युमिनियम घातलं. एवढं घातलं की लोखंडाचं लोखंडपण जातं, चुंबक त्याला ओळखही दाखवत नाही. पण तपासणीच्या मॅडमनी मी त्यातला तुकडा खलात कुटून दिलेली भुकटी घेतली, तर ती चुंबकाला दाढीच्या खुंटांसारखी उभी चिकटली!

"मामा, अॅल्युमिनियम कमी पडलं. साहेब म्हणतायत, मामांना आता स्टोअरमध्ये बसवू."

स्टोअरमध्ये! खोक्यांशी काय बोलू?

"मॅडम, वजन चुकलं असेल तर कान कापून देतो. त्याच घाण्याचा गोळा उरलाय, त्याला लावा चुंबक."

लावला. गोळा ढिम्म.

मॅडम स्टुलावर बसल्या. "भुकटी किती वेळ कुटलीत?"

"जेवून बसलो, ते दिवे लागेपर्यंत."

"अहो, मी अर्धा तास म्हटलं होतं!"

मग त्यांनी समजावलं. गोळ्यात लोखंडाच्या कणाभोवती अॅल्युमिनियमचे कण बसलेले. लोखंडाला लोखंड भेटतच नाही, म्हणून ते गप्प. मी कुटून कुटून ती बैठक मोडली. लोखंडाशेजारी लोखंड आलं आणि जागं झालं. खात्रीसाठी त्यांनी भुकटी बंद नळीत तापवली, सावकाश गार केली. कण परत आपापल्या जागी बसले; चुंबक लावला तर हलली नाही.

"वजन बरोबर होतं, मामा. भट्टी तुमचीच. पण साहेबांसाठी वहीत कारण लिहायला हवं. एवढं का कुटलंत?"

"लिहा, हात थांबला नाही."

"खरं सांगा."

"खरं? पाचला घरी जाऊन भिंतींची तोंडं बघायची, मॅडम. खलात आवाज तरी येतो."

त्यांनी वही पुढे ओढली. मग लिहिलं, 'कुटण्याची वेळ जास्त झाली.' वही मिटली.

"उद्या नवा घाणा. अर्धा तासच हं, मामा."

"हो," म्हटलं.

पाचचा भोंगा झाला. भट्टी माझी राहिली होती. खल धुतला, पालथा घातला. कोरडा होईपर्यंत उभा राहिलो, मग निघालो.