सिद्धाचं नाक

गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीला ओ द्यायलाही घाबरायचे. आता विचारा! वक्तृत्वात जिल्ह्यात दुसरी, चर्चच्या तरुण संघाची सेक्रेटरी, आणि पाळकसाहेब स्वतः म्हणतात, "सलोमी, माईक तुझ्याच हातात शोभतो." म्हणून गुरुवारी पहाटे आजोबा गेले तेव्हा पप्पा मला एवढंच म्हणाले, "सगळ्यांना कळव, बाळा. संध्याकाळी पाचला माती."

मी रडत रडतच लिहिलं, पण छान लिहिलं. वर क्रूस, बाजूला पांढरी फुलं, खाली 'आमचे प्रिय शिमोन मास्तर प्रभूच्या घरी गेले.' चर्चमध्ये सगळे त्यांना शिमोन मास्तरच म्हणायचे. बाविसाव्या वर्षी बाप्तिस्मा झाला तेव्हा मिळालेलं नाव. त्याआधीचं नाव सिद्धाप्पा. ते मला माहीत होतं, पण इतिहासातल्या सनावळीसारखं माहीत. आजोबांच्या फोनमधले सगळे नंबर घेतले आणि माझ्या फोनवरून धडाधड पाठवून दिलं.

रविवारी उपासनेत मी त्यांच्याबद्दल बोलले. "आजोबा अक्कलकोटजवळच्या एका खेड्यात जन्मले. पण देवानं त्यांना खरं घडवलं ते बाप्तिस्म्याच्या दिवशी. त्याआधी ते कुणीच नव्हते." पार मागच्या बाकांवरून "आमेन" आलं. बायकांनी मला जवळ घेतलं. खरं सांगते, एवढ्या दुःखातसुद्धा मला आतून मस्त वाटत होतं.

जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर आलो, तोच आजोबांचा फोन वाजला.

दर रविवारी उपासनेहून आल्यावर, बूटही न काढता, ते स्वतः फोन लावायचे. "अक्का, ऊट आयता?" म्हणजे, अक्का, जेवण झालं का? त्यापुढचं कानडी मला कळायचं नाही. अक्कम्मा त्यांची थोरली बहीण. बाप्तिस्म्यानंतर गावाकडच्यांनी त्यांना दार बंद केलं. ती एकटीच बोलत राहिली.

मी फोन उचलला.

"सिद्धा?" मग भराभर कानडी, रागावून, मधेच हसून. मग थांबून मराठीत, "कोण हाय? सिद्धाकडं दे की."

मी पप्पांसमोर फोन धरला. तो घेऊन ते बाल्कनीत गेले.

मी माझा फोन उघडला. गुरुवारपासूनचे मेसेज सरकवत गेले. आत्ता फोन आलेला तो नंबर सापडला. अक्कम्मा आजींचा नातू गुरुशांत याचा. त्यानं गुरुवारी सकाळी आठ वाजताच उत्तर दिलं होतं : 'ताई, मेसेज चुकून आलाय. शिमोन मास्तर म्हणून आमच्या ओळखीत कुणी नाही. देव त्यांना शांती देवो.' त्याखाली माझे जोडलेले हात. न वाचताच टाकलेले. माती पाचला होती. अक्कलकोट तासाभरावर आहे.

त्याच दुपारी चार वाजता ती दोघं दफनभूमीच्या फाटकाशी उतरली. अक्कम्मा आजी नव्वदीच्या घरातल्या, पण गुरुशांतचा हात झटकून सरळ चालत आल्या. कबरीवरच्या झेंडूच्या माळा सुकल्या होत्या.

"लांब केलीया. झोपवलं व्हय त्याला?"

"हो, आत्या," पप्पा म्हणाले.

"आमच्यात बसवून पुरत्यात." त्यांनी लाकडी क्रुसाकडं बोट केलं. "काय लिवलंय?"

गुरुशांतनं वाचलं, "शिमोन."

"ह्यो कोण?"

गुरुशांत मान खाली घालून म्हणाला, "आज्जी, तेव्हाच मी एक फोन लावायला पाहिजे होता."

पप्पांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांना माहीत होतं, पण ते सांगणार नव्हते. मी गप्प राहिले असते तर चूक गुरुशांतचीच ठरली असती. किती सोपं होतं ते!

"आज्जी, त्याची चूक नाही. मेसेज मी लिहिला. सिद्धाप्पा नाव मी घातलंच नाही. मला वाटलं..." मला काय वाटलं होतं ते सकाळी माईकवर सांगून झालं होतं.

"तोंड बघायचं हुतं गं," आजी एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. "डोकं कुटल्या अंगाला?"

मी दाखवलं.

"ह्यो जलमला तवा आई उठत नव्हती. मी धा वर्साची. पाय लांब करून ह्याला पायावर घ्यायचे. तेल लावायचे. डोकं लई लांबुळकं हुतं, दाबून दाबून गोल केलं. नाक तर नव्हतंच, बोंडूक निस्तं. रोज चिमटीत धरून वडायचे. नाक चांगलं आलं न्हवं त्याचं?"

"हो," मी म्हणाले. "खूप चांगलं होतं."

त्यांनी माझ्या नाकाला हात लावला. "हेच की."

त्याआधी ते कुणीच नव्हते, असं मी म्हटलं होतं. दीडशे माणसांसमोर. आणि देव तर तेव्हाच कामाला लागला होता, एका दहा वर्षांच्या पोरीचे हात घेऊन.

आजी मातीवरून तळवे फिरवू लागल्या, डोक्याच्या बाजूला, गोल गोल. पण माती कोरडी, भुसभुशीत. बसेचना. घसरून खाली यायची, त्या पुन्हा वर ओढायच्या.

मी नळावरून बादली भरून आणली. ओंजळीनं थोडं थोडं पाणी घालत गेले.

"बेतानं," आजी म्हणाल्या. "नाकात जाईल त्याच्या."

आणि मग त्या रडल्या.