पहिल्या ओढीत सुरू होणारं मशीन

"लोनी, त्यात पेट्रोल नाहीये," गल्ल्यामागून हर्शेल म्हणाला. "कितीही ओढलंस तरी ते सुरू व्हायचं नाही."

लोनी कॉडिलनं दोरी सोडली नाही. "सुरू करायचंय कुणाला? दोरी हाताला कशी लागते ते बघतोय."

"काल पण तेच बघत होतास."

"काल त्या पलीकडच्या मशीनची बघत होतो."

हर्शेलनं पुन्हा पेपरात डोकं घातलं. त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात, दाराशीच, पाण्याच्या झोताने भिंती धुणारी मशीनं ओळीनं मांडलेली होती आणि लोनी आठवडाभर त्यांच्याभोवती घिरट्या घालत होता. मुलगी बघायला आलेल्याला सुद्धा एवढे हेलपाटे घालू देत नाहीत. पण लोनीचा स्वभावच तसा. उभी हयात केंटकीच्या त्या डोंगरवळणांवर स्कूलबस चालवण्यात गेली आणि निवृत्त झाल्यापासून त्याच्या पायांना थारा म्हणून नव्हता. घरात टेबलाशी बसला की गुडघा हलायला लागायचा, बायकोच्या, म्हणजे वांडाच्या, कपातली कॉफी बशीत सांडायची, मग ती म्हणायची, "जा बाबा, कुठेतरी जाऊन ये." तो हर्शेलकडे यायचा.

मशीन घरासाठी हवं होतं हे खरंच. ओढ्याकडची भिंत हिरवीगार झाली होती, ओटा काळा पडला होता आणि गॅरेजसमोरच्या सिमेंटवर पाय ठेवला की घसरत होता. पण खरी घाई वेगळीच होती. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी 'डेकोरेशन' होतं. त्या दिवशी सगळं कूळ डोंगरमाथ्यावरच्या आपल्या कबरस्तानात जमतं, थडग्यांवर फुलं वाहतं, पाद्रीबाबांचं ऐकतं आणि मग तिथंच लाकडी टेबलं मांडून जेवतं. यंदा ओहायोहून ओपल येणार होती. ओपल म्हणजे लोनीची थोरली बहीण. गुडघ्यांमुळे गेली काही वर्षं तिला चढ जमला नव्हता, आणि यंदाचा शेवटचाच, असं तिनं फोनवर सांगून टाकलं होतं. नंतर सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "आईचा दगड दिसतो तरी का रे बब, का शेवाळानं गिळला?"

ते 'सहज' लोनीच्या जिव्हारी लागलं. धाकट्या भावाला तिकडे लाडानं बब म्हणतात. सत्तरीला टेकलेल्या माणसाला ती एकटीच तसं म्हणणारी उरली होती. आणि आईचा दगड म्हणजे काही विकतचा दगड नव्हता. आई गेली तेव्हा खाणीतलं काम बंद होतं. वडिलांनी ओढ्यातून एक चपटी शिळा वर आणली आणि त्या हिवाळ्यात चुलीशी बसून स्वतः अक्षरं कोरली. वर नाव, मॉसी कॉडिल. खाली दोनच शब्द: 'बैस आता.' आयुष्यभर बिचारी बसली नव्हती. वडिलांना सहीपलीकडे लिहिता येत नसे. त्यांच्या हातचं लिहिलेलं जगात तेवढंच काय ते होतं. अक्षरं एका अंगाला कललेली होती, ओझं घेऊन चढ चढणाऱ्या माणसासारखी.

तो दगड स्वच्छ करून ओपलला दाखवायचा, एवढंच लोनीच्या मनात होतं. त्यासाठी पेट्रोलवर चालणारंच मशीन हवं, कारण डोंगरमाथ्यावर वीज कुठली. आणि ते भरवशाचं हवं, कारण लोनीचा लौकिक. त्यानं घेतलेली यंत्रं त्याच्याकडे मरायलाच येत. स्वस्तात घेतलेला नांगरटीचा टिलर पहिल्या सरीतच बसला. जुनं गवत कापायचं मशीन तर थेट कबरस्तानात, सगळ्या नातेवाइकांसमोर धूर सोडून गप्प झालं आणि उरलेलं गवत वांडाच्या भावानं कापलं. त्यावर ओपल फोनवर म्हणाली होती, "बरं झालं, पुरायला लांब न्यावं लागलं नाही." हसली होती, पण लोनी ते विसरला नव्हता.

म्हणून यावेळी त्यानं गावभर चौकशी केली. शेजारचा कर्टिस म्हणाला, घेऊ नकोस, माझं हिवाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून पडलं होतं, वसंतात कार्ब्युरेटरमध्ये काकवी झालेली. लोनी म्हणाला, तो मशीनचा दोष नाही, तुझा आहे. यावर कर्टिस दोन दिवस बोलला नाही. बस गॅरेजमधला जुना मेकॅनिक व्हर्जिल म्हणाला, सगळे इंजिन बघतात, तू पंप बघ. पंपाचं डोकं धातूचं हवं, तेल बदलता आलं पाहिजे, आणि उगाच जास्त दाबाच्या मागे लागू नकोस, घरासाठी मध्यम पुरतो. लोनीनं सगळं ऐकलं, फक्त शेवटचं सोडून.

"पिंपातून पाणी ओढेल का हे?" त्यानं हर्शेलला विचारलं. डोंगरावर नळ नव्हता.

"हे ओढेल. ते कोपऱ्यातलं नाही ओढायचं."

"आणि सुटे भाग?"

"माझ्याकडे मिळतील. मी मेलो तर माझ्या जावयाकडे." हर्शेलनं पेपर खाली ठेवला. "लोनी, घे नाहीतर जा. तुला बघून बाकीची गिऱ्हाइकं पण विचार करायला लागलीत."

लोनीनं त्यातलं सगळ्यात दणकट उचललं.

घरी येऊन त्यानं तेल भरलं, ताजं पेट्रोल ओतलं, नळी जोडली आणि दोरी ओढली. मशीन पहिल्या ओढीत सुरू झालं. लोनी इतका दचकला की त्यानं ते बंद करून पुन्हा ओढलं, आणि ते पुन्हा पहिल्याच ओढीत सुरू झालं. वांडा हात पुसत दारात आली. तिच्या संसारात हे असं प्रथमच घडत होतं.

मग लोनी सुटलाच. भिंत धुतली, ओटा धुतला, सिमेंटवर हिरव्याखालून पांढरा रस्ता निघाला. मशीनबरोबर रंगीत तोंडांच्या टोट्या आल्या होत्या. पांढरी सौम्य, हिरवी मधली, पिवळी जोराची आणि लाल म्हणजे सुईसारखी धार. त्यानं वांडाच्या खुर्च्या धुतल्या, टपालाची पेटी धुतली, कचऱ्याचे डबे धुतले आणि कर्टिस घरी नाही असं बघून त्याचं कुंपणही धुतलं. ज्या माणसाच्या हाताला वर्षानुवर्षं यश नव्हतं, त्याच्या हातात अखेर एक गोष्ट म्हणेल तशी चालत होती. त्याला थांबवणार कोण?

"माथ्यावर ते नेणार नाहीस ना?" जेवताना वांडानं विचारलं.

"नेणार म्हणजे? त्याच्यासाठीच घेतलंय."

"दगडाला बादली आणि ब्रश. माझी आई तेच करायची, तुझी बहीण तेच करायची."

"तेव्हा मशीन कुठे होतं त्यांच्याकडे?" लोनी म्हणाला आणि त्याचा गुडघा टेबलाखाली हलायला लागला.

शुक्रवारी तो पिकअपमध्ये पिंप आणि मशीन घालून एकटाच वर गेला. चुलत्यांचे ग्रॅनाइटचे दगड आधी घेतले. ते आरशासारखे निघाले. मग आईचा. हिरव्या टोटीनं वरवरचं शेवाळ गेलं, पण अक्षरांच्या खाचांत काळं बसलं होतं, ते हलेना. पिवळी लावली. तरी 'बैस'मध्ये थोडं राहिलं. ओपलची नजर नेमकी तिथंच जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं लाल लावली.

दगडाच्या पायथ्याशी करडं पाणी वाहू लागलं. किती मळ होता, लोनीच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. त्यानं सावकाश, वरून खाली, एकही जागा न सोडता तो दगड धुतला. मग मशीन बंद केलं, गाडीच्या फळीवर बसून वांडानं दिलेलं सँडविच खाल्लं. दगड उन्हात वाळत होता. वाळला, तेव्हा तो ओढ्यातून नुकत्याच काढलेल्या कोऱ्या शिळेसारखा पांढरा दिसत होता, आणि त्याच्यावर काहीच नव्हतं.

तो जवळ गेला. बोटं फिरवली. बोटांना वाळू लागली. ग्रॅनाइट वेगळा आणि ओढ्याचा वाळूचा दगड वेगळा. शेवाळ निघालं ते दगडाची कातडी घेऊनच निघालं होतं. ते करडं पाणी म्हणजे मळ नव्हता. लोनी मटकन खाली बसला आणि लगेच उठला. गाडीतून छिन्नी आणि हातोडी आणली, दगडावर टेकवली, आणि तिथंच थिजला. अक्षरं कुठल्या अंगाला कलली होती? नाव कडेपासून किती आत होतं? आयुष्यभर बघितलेलं, आणि आता डोळे मिटले की काही केल्या समोर येत नव्हतं. वडिलांचं खोटं अक्षर काढायची त्याची छाती झाली नाही. त्यानं छिन्नी परत गाडीत टाकली.

घरी आल्यावर त्यानं वांडाला सांगितलं. 'मी म्हटलं नव्हतं का' असं ती म्हणाली नाही, ते त्याला जास्त लागलं. ओपलला आत्ता फोन करून सांग, एवढंच ती म्हणाली. लोनी फोनपाशी गेला, तिथून ओट्यावर, ओट्यावरून गॅरेजमध्ये. फोन काही झाला नाही. दुसऱ्या दिवशीही झाला नाही.

रविवारी ओपल मुलाच्या गाडीतून उतरली, काठी टेकली आणि घराकडे बघतच राहिली. "हे आपलंच घर का रे?" ती म्हणाली. "मी तर म्हटलं, बबनं विकलं आणि कुणी चांगला माणूस राहायला आला." लोनी हसला नाही. त्यानं तिची बॅग घेतली, चुकीच्या खोलीत ठेवली, पुन्हा आणायला गेला.

वर माथ्यावर तर तो कुणाच्या हाताला लागेना. टेबलं मांड, खुर्च्या उघड, कुणाच्या डंपलिंगच्या पातेल्याखाली लाकडी ठोकळा दे, लहान थडग्यांवरची उडालेली फुलं गोळा कर. पाद्रीबाबांची प्रार्थना चालू असतानाही तो मागे उभा राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता. आमेन झालं. लोक पानं घ्यायला टेबलांकडे वळले आणि ओपल काठी टेकत, हातात घरच्या पिओनीच्या फुलांचा गुच्छ घेऊन, आईकडे निघाली. आता पळायला जागा नव्हती. तो तिच्या मागे गेला.

ती दगडासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिनं बाजूचा दगड बघितला, पुन्हा हा बघितला. जागा चुकली असं तिला वाटलं असावं.

"मी धुतला," लोनी म्हणाला. "नवीन मशीननं. तुला स्वच्छ दिसावा म्हणून. अक्षरं गेली, ओपल. डॅडींची सगळी अक्षरं गेली. परवाच कळलं, तुला सांगायला तोंड नव्हतं मला."

ओपलनं पिओनी दगडाच्या पायाशी ठेवल्या आणि काठीवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटले. टेबलांकडून भांड्यांचा आवाज येत होता. एखादी शिवी आली असती, तर लोनीनं ती पदरात घेतली असती.

"म्हणजे एकदाचं एक मशीन चांगलं निघालं म्हणायचं," ती शेवटी म्हणाली.

लोनीनं मान खाली घातली.

"पाणी आण."

"काय?"

"पाणी, बब. बादलीभर. ऐकू येतंय ना?"

पिकअपच्या पिंपात अजून पाणी होतं. तो धावत गेला, बादली भरून आणली. ओपलनं काठी त्याच्याकडे दिली, खुर्ची ओढून घेतली, आणि ओंजळीनं पाणी घेऊन दगडाच्या माथ्यावरून सोडलं. दगड काळपट झाला. पाणी खाली उतरलं तसं, अगदी पुसट, जिथं वडिलांची छिन्नी खोलवर गेली होती तिथं दगड जास्त गडद झाला. एक काठ. एक कललेला कणा. मग मॉसी.

"डॅडी कोरायचे तेव्हा पाणी मी ओतायचे," ओपल म्हणाली. "तू मांडीवर झोपलेला असायचास माझ्या. धुळीनं त्यांना स्वतःचंच कोरलेलं दिसायचं नाही. ओत गं, म्हणायचे, बघू दे काय झालंय ते. सबंध हिवाळा ओतलंय मी."

वाऱ्यानं वरचा भाग वाळला, नाव विरत गेलं. तिनं पुन्हा पाणी सोडलं, ते पुन्हा आलं. खालची ओळ काही आली नाही. लाल टोटी तिथंच फिरली होती. लोनीनं बादली उचलली, रिकामी केली, भरून आणली, परत गेला, दुसरी बादली शोधून आणली, दगडाभोवतालचं गवत उपटायला लागला, मध्येच उठून कुणाची तरी खुर्ची सरळ केली. ओपल त्याच्याकडे बघत राहिली. तिनं शेजारची घडीची खुर्ची पायानं उघडली आणि तिच्यावर ओल्या हातानं थोपटलं.

"बैस आता," ती म्हणाली.

लोनी बसला. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. तिकडून वांडा दोन पानं वाढून घेऊन येत होती. बादलीत अजून पाणी होतं, पण दोघांतल्या कुणीच हात घातला नाही. समोरचा दगड वरून खाली हळूहळू वाळत गेला.