वाकडी मी की तुळई?

मी एक लेन्स बोलतेय. आधीच सांगून ठेवते, मी फार भित्री आहे.

माझ्या जातीला अतिरुंद कोनाची झूम लेन्स म्हणतात. नाव भारदस्त, काम साधं. इतर लेन्सना खोलीची एक भिंत दिसते. मला एकाच जागेवरून तीन भिंती, जमीन, छत आणि फोटो काढणाऱ्यानं चुकून पुढे टाकलेला पायसुद्धा दिसतो. त्यासाठी माझी पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली आहे. तिच्यावर संरक्षणाची दुसरी काच बसवता येत नाही. कुणाची अंगठी, किल्ली, नख जवळ आलं की माझी आतली सगळी भिंगं थरथरतात.

ही भीती मला कारखान्यातच लागली. आम्हाला घासून, लेप देऊन, नळीत बसवून झालं की एक तपासणारी बाई प्रत्येकीतून समोरच्या तक्त्याकडे बघायची. माझ्या शेजारी माझ्याचसारखी एक होती. बाईंनी तिच्यातून पाहिलं, एक डोळा बारीक केला आणि म्हणाल्या, "हिचा कोपरा मऊ आहे, कडेची रेघ पुसट दिसते." तिला लाल ट्रेमध्ये ठेवलं. ती परत दिसली नाही. तेव्हापासून कुणी एक डोळा बारीक केला, की मला तो ट्रे आठवतो.

पुढे मी एका कॅमेऱ्याच्या दुकानात आले. दुकानदार काका भले. त्यांच्याकडे एक फोटोग्राफर बाई आली. घरं, कचेऱ्या, हॉटेलच्या खोल्या यांचे फोटो काढणं हा तिचा धंदा. तिची जुनी लेन्स खिळखिळी झाली होती.

"आठवडाभर वापरून बघ," काका म्हणाले. "नाही पटली तर आणून दे. मी कंपनीला परत पाठवतो."

परत! माझ्या काचेला तिथेच घाम फुटला.

या बाईला तिची थोरली बहीण 'चिमणी' म्हणायची. चिमणी चांगली दारात वाकून शिरावं लागेल एवढी उंच होती, पण लहानपणी पडलेलं नाव कुठे सुटतं? मीही तिला चिमणीच म्हणते.

चिमणी मला हातात घेऊन म्हणाली, "प्रत्येक लेन्स काहीतरी लपवते. तू काय लपवतेस ते बघू."

मग सुरू झाली परीक्षा. तिनं मला उन्हाकडे तोंड करून धरलं, फोटोत पांढरे डाग पडतात का बघायला. झाडाच्या फांद्यांचे फोटो काढून कोपऱ्यातली पानं मोठी करून पाहिली. माझी झूमची रिंग इकडून तिकडे फिरवून आवाज ऐकला. नवऱ्याला घेऊन एका अरुंद बोळात गेली आणि त्याला कडेला उभं केलं. कडेची माणसं माझ्यातून ताणली जातात, हा आमच्या जातीचा स्वभावच.

फोटो बघून तो म्हणाला, "मला मधेच उभं करत जा बाई. कडेला माझं पोट शेजारच्यांच्या हद्दीत जातंय."

चिमणी हसली. मला वाटलं, सुटले.

मग ती मला ताईकडे घेऊन गेली.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. चांगली नोकरी सोडून तिनं पाळणाघर काढलं होतं आणि नुकतंच ते मोठ्या जागेत हलवलं होतं. वरच्या मजल्यावर एक लांबरुंद हॉल, खाली फर्निचरचं दुकान. भिंतींना पिवळा रंग, जमिनीवर मऊ चटया, जेवण झालेली पोरं रांगेत आडवी झालेली. कुणाचा अंगठा तोंडात, कुणाचा पाय शेजारच्याच्या पोटावर. ताईला जाहिरातीसाठी फोटो हवे होते.

चिमणीनं ट्रायपॉड मागच्या भिंतीला चिकटवून ठेवला. तिथे तिलाच उभं राहायला जागा उरली नाही, म्हणून ती जिन्यात गेली आणि मला दिसतंय ते मोबाइलवर बघू लागली. ट्रायपॉडचे पाय होते तिथे तिनं जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणाही केल्या. ती कामाला चोख होती.

मी डोळाभर हॉल पाहिला आणि गार पडले.

छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक तुळई गेली होती. तिचा मधला भाग खाली आला होता. ओला टॉवेल दोरीवर टाकल्यावर दोरी जशी मधे उतरते, तसा. तिच्या बरोबर खाली एक उंच कपाट होतं आणि कपाटाच्या दोन्ही बाजूंना पोरं झोपली होती.

चिमणी आत आली. तिनं फोटो मोठा केला. आणि एक डोळा बारीक केला.

"शी! ही लेन्स वाकवतेय गं ताई. वरची रेष बघ, पार झोळी झालीय."

ताईनं पाहिलं आणि पदरात तोंड लपवून हसली, पोरं जागी होऊ नयेत म्हणून. "माझ्या नव्या कोऱ्या हॉलची काय दशा केलीस!"

मी वाकवत नव्हते हो! मला ओरडायचं होतं. पण लेन्सला तोंड नसतं. तेवढ्यात मावशी केरसुणी घेऊन आल्या. पाळणाघरात मदतीला असायच्या त्या. कपाटाजवळची पांढरी भुकटी लोटत पुटपुटल्या, "रोज पडतंय मेलं. रंगवाल्यानं फसवलंन."

"आणि ते मागचं दार," ताई म्हणाली, "दोन दिवस झाले, उघडतच नाही. हवेनं फुगलंय."

माणसांचं मला नवल वाटतं. रंग खराब, दार फुगलेलं, लेन्स वाकडी. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे वेगळं कारण तयार असतं, आणि ते सापडलं की त्यांना हायसं वाटतं. मान वर करून बघायला कुणी तयार नव्हतं.

घरी जाताना चिमणीनं काकांना फोन केला. "नाही पटली. उद्या आणून देते."

ती रात्र मी बॅगेत कशी काढली ते माझं मला माहीत. खरं सांगायचं तर मला आधी लाल ट्रेच आठवला. पोरं नंतर आठवली. आणि मग मात्र ट्रेचं काही वाटेनासं झालं. डोळ्यांसमोर नुसती ती तुळई.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमणीनं मला बाहेर काढलं. काकांना दोष दाखवायचा तर पुरावा हवा. तिच्या घरामागे विटांची एक सरळसोट भिंत होती. तिच्यासमोर मला उभं करून तिनं फोटो काढला आणि संगणकावर उघडला. नवरा चहा पीत मागे उभा राहिला.

विटांच्या वरच्या रांगा मधे किंचित वर उचलल्या गेल्या होत्या. भुवईसारख्या.

"थोडी वाकवतेच की," नवरा म्हणाला.

 चिमणीनं कालचा फोटो शेजारी ठेवला. बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "ही रेष वर उचलते."

"मग?"

"वर उचलते! अशा सगळ्याच लेन्स उचलतात. मग ताईकडची तुळई खाली कशी आली?"

नवऱ्यानं कप ठेवला.

"म्हणजे लेन्सनं ती थोडी वर उचलून दाखवलीय," चिमणी म्हणाली. "खरी तुळई फोटोत दिसते त्याहून जास्त वाकलीय."

तिनं ताईला फोन लावला. ताईनं उचलला नाही. पोरांच्या झोपेच्या वेळी ती फोन बंद ठेवायची, आणि तीच वेळ झाली होती. चिमणीनं मला उचललं आणि गाडी काढली. नवऱ्याला तिनं अग्निशामक दलाला आणायला पिटाळलं.

ताई दारातच भेटली. चिमणीनं धापा टाकत सगळं सांगितलं.

"काल लेन्स वाकडी होती, आज घर वाकडं झालं," ताई म्हणाली. "उद्या मला वाकडी म्हणशील. चिमणे, ही जागा मिळवायला मी काय काय केलंय तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच आले. एक फोटो काढू दे. फक्त एक."

कालच्या खुणांवर ट्रायपॉड उभा राहिला. मी जीव मुठीत धरून पाहिलं. काल कपाट आणि तुळई यांच्यामधे उजेडाची एक फट होती. आज नव्हती.

चिमणीनं दोन्ही फोटो ताईसमोर धरले. ताई बघत राहिली. मग कपाटाजवळ गेली आणि त्याच्या दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. वरून दाबलं गेलेलं कपाट गच्च बसलं होतं. तेवढ्यात आत कुठेतरी कुर्रर्र असा आवाज झाला, बारीक.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. पण आवाज एकदम खाली आला.

"कुणी ओरडायचं नाही. पोरं जागी झाली तर सैरावैरा पळतील. झोपेतच उचलायची. मावशी, खिडकीकडून सुरुवात करा."

आणि त्या तिघी पोरं उचलू लागल्या. एक खांद्यावर, एक कडेवर. चटयांवरून अनवाणी जात होत्या, पावलांचा आवाजसुद्धा नाही. प्रत्येक वेळी तुळईखालून जाताना ताई मान खाली घालायची, जणू तेवढ्यानं ती वाचणार होती.

खालचा फर्निचरवाला गडबड ऐकून वर आला. "काय चाललंय?"

"खाली तुम्ही काही पाडलंत का?" चिमणीनं विचारलं.

"नाही हो. म्हणजे, तुमच्या या बाजूच्या भिंतीखालची एक भिंत. आडोशाचीच होती, दुकान मोठं दिसावं म्हणून." बोलता बोलता त्यानं वर पाहिलं. तुळईचं एक टोक त्याच बाजूच्या भिंतीवर टेकलेलं होतं. मग त्यानं दोन पोरं दोन्ही काखांत घेतली आणि जिना उतरला.

हॉल रिकामा झाला. मी तशीच ट्रायपॉडवर राहिले. मला न्यायला कुणाचा हात मोकळा नव्हता, आणि ते बरोबरच होतं. पण एकटीनं त्या तुळईकडे बघणं फार भयानक होतं. तिच्या अंगावर एक चीर उघडत होती, हळूहळू, ओठ उघडावेत तशी.

खालून ताईची किंकाळी आली. "ठकी कुठाय? ठकी!"

ठकी म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात अवखळ पोरगी. झोपायच्या वेळी लपून बसणारी. आणि मला ती दिसत होती! अगदी कडेला, उजव्या कोपऱ्यात, टेबलावरच्या लोंबत्या कापडाखालून एक पाऊल बाहेर आलं होतं. पण सांगणार कसं?

चिमणीचा मोबाइल अजून माझ्याशी जोडलेला होता. तिनं तो वर धरला असावा, कारण रस्त्यावरून तिचा आवाज आला, "टेबलाखाली! ताई, ते काय लांब दिसतंय, तो पाय आहे! उजवीकडच्या टेबलाखाली!"

कडेचं सगळं ताणून दाखवायच्या माझ्या खोडीनं ते इवलंसं पाऊल चांगलं वीतभर केलं होतं.

जिन्यात पावलं वाजली. ताई आली. तिनं वर पाहिलं नाही. भिंतीला घासत टेबलापाशी गेली, कापड वर केलं आणि ठकीला ओढलं. ठकी खुदकन हसली. "भॉ!" म्हणाली. तिला वाटलं, खेळ चाललाय.

"भॉ," ताई म्हणाली.  पोरीला छातीशी धरून ती दाराकडे धावली. कपाट कडाडलं. ती उंबऱ्यापलीकडे गेली आणि मग तुळई आली.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. धूळ, आवाज, ट्रायपॉड आडवा, अंधार. काचेवरून काहीतरी खरवडत गेलं. ज्याला मी जन्मभर भ्याले ते असं एका क्षणात होऊन गेलं, आणि मला त्याचं भानसुद्धा नव्हतं. मी फक्त एकच ऐकायचा प्रयत्न करत होते, खाली कुणी रडतंय का. रडत होतं. खूप पोरं एकदम रडत होती. एवढा गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

अग्निशामक दलाच्या माणसानं मला ढिगाऱ्यातून काढून चिमणीच्या हातात दिलं. फर्निचरवाला फूटपाथवर डोकं धरून बसला होता. पोलिसांना त्यानं भिंतीचं आपण होऊन सांगितलं. नंतर त्याचं काय झालं मला ठाऊक नाही.

काकांनी मला भिंगाखाली पाहिलं. "ही आता परत घेता यायची नाही गं. काचेवर मोठा ओरखडा आहे. खिडकी समोर आली की फोटोत पांढरा पट्टा येणार. तुझ्या धंद्याला ही उपयोगाची नाही."

"धंद्यासाठी दुसरी द्या," चिमणी म्हणाली. "ही माझ्याकडे राहू दे."

ताईनं काही महिन्यांनी दुसरी जागा घेतली. तळमजल्याची. दोन इंजिनिअरांनी तपासून दिलेली. तरी पहिल्या दुपारी तिनं चिमणीला बोलावून घेतलं. "फोटोबिटो काही नको. नुसती बस माझ्याजवळ. आणि तिला आण."

तिला म्हणजे मला.

पोरं झोपली. दोघी बहिणी भिंतीला टेकून बसल्या. दोघींची नजर छताला. मी कोपऱ्यात ट्रायपॉडवर.

ठकीनं एक डोळा उघडला. "वर काय बघताय?"

"काही नाही गं. झोप."

"मग तुम्ही पण झोपा."

ताई तिच्याशेजारी आडवी झाली. पोरीनं तिच्या गळ्यात हात टाकला. थोड्या वेळानं ताईचा श्वास संथ झाला. चिमणीचीही मान कलंडली.

माझ्यावर झाकण घालायला दोघी विसरल्या होत्या. वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी तिथून गेलात आणि मी उघडीच दिसले, तर कृपा करून झाकण लावू नका. मला अजून भीती वाटते. पण पोरं उठेपर्यंत मला वर बघत राहायचं आहे.