बाळंतिणीच्या बंद खोलीत

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. नाक मुरडायचा पहिला मान माझा आहे, आणि का आहे ते ऐकाच.

सांगलीच्या शमशादभाईंनी मला गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्यातून घडवलं. आतून चिकणमातीचा जाड लेप दिला, मधे जाळी बसवली, खाली राख पडायला तोंड ठेवलं. माण तालुक्यातल्या अंबूबाई तिथल्याच विश्रामबागेत बहिणीकडे आल्या होत्या, त्यांनी मला घासाघीस करून घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून गावी नेलं. तेव्हा माझा काय तोरा होता! अंगणात मी पेटले की हुरड्याची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, थंडीत हात शेकायला जमलेली पोरं, सगळं माझ्याभोवती. "अंबूबाईंच्या शेगडीसारखी शेगडी न्हाई," असं गल्ली म्हणायची. खरंच नव्हती.

मग घरात गॅस आला आणि मला माळ्यावर टाकलं. उंदरांनी माझ्यात घर केलं, लेंड्या टाकल्या. ते मी सोसलं. पण त्यानंतर जे माझ्या तोंडात कोंबलं गेलं, त्याची किळस मला अजून येते.

अंबूबाईंची लेक क्रांती बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. आमच्या गावात बाळंतिणीला शेक लागतो, धुरी लागते, आणि वारं लागू द्यायचं नसतं. म्हणून अंबूबाईंनी खिडकीच्या फटीत गोधडीच्या चिंध्या खुपसल्या, दाराला पोतं लावलं आणि मला माळ्यावरून काढून बाजेखाली ठेवलं. "माज्या हाताखाली गावातल्या किती पोरी शेकल्या," त्या सगळ्यांना सांगायच्या. "एकीलाबी कधी वारं बाधलं न्हाई."

कोळसा मिळाला नाही तर शेणी आल्या, तुरकाट्या आल्या. त्या ओल्या. पेटेनात म्हणून वर दुधाची रिकामी पिशवी, खताच्या पोत्याचा तुकडा, एकदा तर तुटक्या चपलेची टाच! वितळलेलं ते प्लास्टिक माझ्या जाळीला शेंबडासारखं लोंबायचं. शी! वरून ओवा, शेपा, ऊद. लेकीपासून उठावं लागू नये म्हणून अंबूबाई माझ्यावरच तवा ठेवून तंबाखू भाजायच्या, मशेरी करायच्या, आणि तोंडात जमलेली थुंकी माझ्याच राखेत टाकायच्या. कोपऱ्यात डासांची कॉइल वेगळीच. भिंतीवरची जळमटं काजळी पिऊन दोरीसारखी जाड झाली होती. माणसं ज्या पाण्यात थुंकतात ते पीत नाहीत. मग ज्या हवेत एवढी घाण जाळतात, ती बाळाला कशी पाजतात?

बाळाचा बाप शिवतेज सैन्यात, लांब बर्फात. त्यानं मोबाइलवर तोंड दाखवलं.

"मामी, तिकडं धुकं पडलंय व्हय? मला माजं पोरगंच दिसंना."

"धुरी हाय ती, जावईबापू! लेकराला बळ येतं."

"मी बर्फात हाय, पर तुमच्यापेक्षा मोकळा दम घेतोय बघा," तो हसून म्हणाला. अंबूबाईही हसल्या. क्रांती हसली नाही. तिचं डोकं सारखं ठणकत होतं. "बाळंतीण अशीच सुस्तावती," म्हणून तिला गप्प बसवलं होतं. बाळाचं नाक पुसलं की कापसावर काळं यायचं. "काजळ गेलं आसंल नाकात," अंबूबाई म्हणायच्या. नाकात कोण काजळ घालतं हो?

एका दुपारी बाळ दूध ओढेना. ओढायला गेलं की दम लागायचा, छातीत घरघर व्हायची, बरगड्यांखाली खळगा पडायचा. त्याचे ओठ मला खालून नीट दिसले नाहीत, पण क्रांतीचा आवाज ऐकला. "आई, ह्याचं व्हट निळं दिसत्यात गं."

"दृष्ट लागली," अंबूबाई म्हणाल्या. मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळल्या आणि माझ्या निखाऱ्यांत टाकल्या.

मित्रांनो, आमच्याकडची परीक्षा अशी : मिरचीचा ठसका लागला तर दृष्ट नाही. नाही लागला तर दृष्ट मोठी. आता सांगा, जी दोन माणसं रात्रंदिवस धूर पिऊन बसलीत, त्यांना मिरचीचा कसला ठसका लागतोय! त्यांची नाकं कधीच मेली होती.

"बघ, वासबी न्हाई!" अंबूबाई म्हणाल्या. "कुणाची गं एवढी वाईट नजर?" आणि त्यांनी मूठभर मिरच्या आणखी आणल्या. मला थुंकता आलं असतं तर मी त्या सगळ्या अंगणात थुंकल्या असत्या.

तेवढ्यात थोरली सून रेश्मा रानातून आली. तिनं दाराचं पोतं बाजूला केलं आणि उंबऱ्यावरच वाकून खोकायला लागली. डोळ्यांतून पाणी, बोलता येईना.

"आवं आत्याबाई, ठसका लागंना म्हणताय? माजं काळीज भायेर यायचं राह्यलंय! ह्यात पोरगं कसं जगंल?"

"दार लाव. वारं यील."

"येऊ द्या!" रेश्मानं बाळ उचललं, क्रांतीला दंडाला धरून बाहेर काढलं. अंबूबाई मागून ओरडत होत्या, पण दवाखान्याला निघालेल्या गाडीत त्याही बसल्या.

पुढचं मला रेश्मा आणि क्रांतीच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाला ऑक्सिजनची नळी लावली आणि विचारलं, "खोलीत काय काय जळतं, आजी?"

अंबूबाईंनी मान वर करून सांगायला सुरुवात केली. "शेगडी. शेणी. धुरी. मशेरी भाजती मी. उदबत्ती ती डासाची. प्लॅस्टिक... पेटवायापुरतं." सांगता सांगता त्यांचा आवाज खाली गेला. "मिरच्या," त्या शेवटी म्हणाल्या.

"यातलं एकेक वेगळं मोजत बसू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळं एका बंद खोलीत, आणि तान्हं बाळ दिवसभर तिथेच. हा खरा धोका. त्यात कोळशाचा एक वायू असतो, त्याला वासच नसतो. बाळ-बाळंतीण झोपेतच गेली असती."

बाळ बरेच दिवस दवाखान्यात राहिलं. एक दिवस अंबूबाई कपडे न्यायला घरी आल्या, तेव्हा शेजारची अर्जुना दारात.

"आक्का, माजी लेक आलीया बाळंतपणाला. तुमची शेगडी द्या की. तुमच्या शेकाचा गुण हाय."

अंबूबाईंना सगळं गाव मानायचं. खोटं बोलून त्या सुटू शकल्या असत्या. शेगडी फुटली म्हटलं असतं तर कोण बघायला येणार होतं?

"कसला गुण? नातू नळी लावून पडलाय माजा. माज्याच हातानं," अंबूबाई म्हणाल्या.

"आता तुमीबी डाक्टरणीचं ऐकाया लागला व्हय!" अर्जुना हसली.

"पोराच्या छातीतली घरघर ऐकली मी. मग ऐकाया येतंच. तुज्या लेकीला ऊन पाण्याच्या पिशवीनं शेक. खिडकी उघडी ठेव. मी रोज येऊन बघणार. धूर दिसला तर बादली वतीन, मग बाळंतीण भिजू दे न्हाईतर तू भीज."

अर्जुनाचं हसू गेलं. ती मान हलवून निघाली.

बाळ घरी आलं. आता मोठ्यानं रडतं, पार गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. मी अंगणात आहे, माझी जाळी रेश्मानं खरवडून काढली. मित्रांनो, मला भंगारात घालू नका, मी मोकळ्यावर चांगल्या कामाची आहे. पण बंद खोलीत मला नेऊ नका, आणि माझ्या तोंडात घाण घालू नका. घरात कुणी तान्हं असेल तर अधूनमधून बाहेर जा, चार मोठे श्वास घ्या, परत आत या. उंबऱ्यावर तुमचं नाक जे सांगेल ते खरं माना. बाळाला ते सांगता येत नाही, ते फक्त दूध प्यायचं सोडतं.