आकडा नसलेला निरोप

मी एक जुना बिनतारी संच आहे. माझ्या अंगावर सहा बटणे आहेत, त्यांतली चार फिरतात. दिवे दोन, पेटतो एकच. एक स्पीकर, एक काळा मायक्रोफोन, आणि पाठीला हवा खेळण्यासाठी बावीस भोके. नगरपालिकेच्या जिन्याखाली एका काचेच्या कपाटात मला ठेवले आहे. शेजारी झाडू असतात. तरी मित्रांनो, माझी मान ताठ आहे. का, ते ऐका.

कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. तारा जोडणाऱ्या बाईने माझ्या पोटात शेवटचा डाख दिला, कान लावून ऐकले आणि शेजारणीला म्हणाली, "हा बोलका निघणार बघ." तसाच निघालो.

नगरपालिकेत मला आणले ते एका नव्या नियमामुळे. पूर, आग, वायुगळती, असा कोणताही प्रसंग आला की गावाने तासाभरात राज्याच्या नियंत्रण कक्षाला कळवायचेच. आपले आपण निस्तरू म्हणून गप्प बसायचे नाही. नगराध्यक्षांना हे मुळीच रुचले नाही. त्यांना सगळे काका म्हणत.

"आपल्या घरात भांडं पडलं तरी आता वर सांगायचं का?" ते कुरकुरायचे.

"भांडं पडलं तर नको. छप्पर पडलं तर सांगायचं," मुख्याधिकारी बाई शांतपणे म्हणायच्या.

बाईंचा अहवाल म्हणजे अहवाल. किती घरांत पाणी शिरले, कुठवर चढले, किती माणसे हलवली, सगळे नेमके. एकदा मात्र घाईत त्यांनी पूरग्रस्त घरांचा आकडा चुकीचा दिला आणि नियंत्रण कक्षाने त्यांना सगळ्यांदेखत खडसावले. तेव्हापासून पक्का आकडा हाती आल्याशिवाय त्या माझा मायक्रोफोन उचलत नसत. आमचे अहवाल सगळ्यांत नीटनेटके, अशी शाबासकीही मिळू लागली. मी फुशारून जायचो.

मग ती सकाळ आली. कचऱ्याच्या गाड्या ठेवतात त्या डेपोचे प्रमुख धापा टाकत आत शिरले. केस पिकलेले, सगळ्या कचेरीचे मामा. डेपोतल्या डिझेलच्या टाकीचा जोड सुटला होता. डिझेल नाल्यात आणि नाल्यातून नदीत गेले होते.

"किती गेलं?" बाईंनी विचारले.

"जोड आवळलाय. नाल्यात वाळूच्या गोण्या टाकल्यात."

"मामा, किती गेलं ते विचारतेय."

"मापाची पट्टी मोडलीय. टाकी उपसून मोजायची तर दुपार होईल." मामा खुर्चीत टेकले. "बाई, नोकरीचं शेवटचं वर्ष आहे माझं. दुपारपर्यंत थांबा. आकडा घेऊन मीच येतो."

तोवर काकाही आले होते. "बरोबर बोलतायत मामा. अर्धवट सांगून मागच्यासारखं ऐकून घ्यायचंय का?"

बाईंचा हात माझ्या मायक्रोफोनवर आला आणि मागे गेला. "डिझेल सुटलं कधी?"

"पहाटे," मामा जमिनीकडे बघत म्हणाले.

"आणि नदीचं पाणी खालच्या गावच्या पंपापर्यंत पोचायला?"

"चार-पाच तास," काका म्हणाले.

"म्हणजे आपला आकडा पक्का होईल तोवर त्यांचं ते पाणी पिऊन झालेलं असेल."

"मग त्यांना फोन लावू. वर कशाला सांगायचं?"

"खाली एकच गाव आहे का, काका? कोण कुठून पाणी उचलतं ते वरच्यांनाच ठाऊक."

बाईंनी मायक्रोफोन उचलला. "नगरपालिकेकडून नियंत्रण कक्षाला. नदीत डिझेल गेलंय. पहाटे सुटलं, आता गळती बंद आहे. ओव्हर."

खरखर झाली. "किती लिटर? ओव्हर."

बाईंनी मामांकडे एकदा पाहिले आणि बटण दाबले.

"माहीत नाही. ओव्हर."

पलीकडून पुन्हा खरखर झाली. मला वाटले, आता खरडपट्टी निघणार.

"ठीक आहे. लगेच कळवलंत ते बरं केलंत. खालचे सगळे पंप बंद करायला सांगतोय. आकडा कळला की बोला. ओव्हर."

काकांनी मामांपुढे पाण्याचा पेला धरला. "प्या आणि उठा. मीही येतो टाकी मोजायला. काही नाही तर शिडी धरीन."

मित्रांनो, पुढे चौकशी झाली, मामांना लेखी ताकीद मिळाली, डेपोत नवी पट्टी आली. मामा त्याच वर्षी निवृत्त झाले आणि जाताना मला फडक्याने पुसून गेले. मग संगणक आले आणि मी कपाटात गेलो. माझ्यातून हजारो नेमके शब्द गेले, पण अभिमान वाटतो तो त्या दोन शब्दांचा. ते बोलायला बाईंना सगळ्यांत जास्त बळ लागले आणि ते पोचवणारा मी होतो.

माझी धूळ अधूनमधून पुसलीत तर बरे वाटेल. पण माझ्या जागी आलेल्या यंत्राची काळजी आधी घ्या. ते रोज चालू करून बघा, त्यावर फाइलींचे ढीग रचू नका. आणि तुमच्यासमोर कधी काही बिघडले तर सगळे उलगडेपर्यंत थांबू नका. जेवढे कळले तेवढे सांगा.

त्या दिवसाचे थोडे सांगायचे राहिले. दुपारी टाकी मोजली, तेव्हा नोंदीपेक्षा आठशे चाळीस लिटर डिझेल कमी भरले. संध्याकाळी नदीकाठच्या खालच्या सहा गावांच्या टाक्यांतून पाण्याचे नमुने घेतले. सहांपैकी एकाही नमुन्यात डिझेल आढळले नाही.